पुठ्ठ्यातलं भोक

अशोक चौकाच्या मागं, तिसऱ्या गल्लीत
मी चादरींच्या डिझाईनचे पुठ्ठे मारतो.
भोक असेल तिथं हूक वर जातो, धागा दिसतो;
कोरं असेल तिथं धागा दबून राहतो.
नुसती भोकं मारून मोर उमटत नाही,
नुसतं कोरं ठेवूनही नाही.
हे शिकायला मला वर्ष लागलं,
आणि स्वतःच्या दिवसाला लावून बघायला
आणखी बावीस.

कारण दिवस मावळला की कॅरम.
दासरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पिवळ्या बल्बखाली
बोरिक पावडर भुरभुरायची.
'एकच बोर्ड' म्हणून टेकायचं
आणि उठायचं तेव्हा
कोपऱ्यावरची कुत्रीसुद्धा झोपलेली.

अनुषाच्या फीची तारीख गेली एकदा.
एकदा पाचव्या दिवसाचं पाणी
आलं तसं गेलं.
बॅरल कोरडे, रेणुका उंबऱ्यात,
मांडीवर विड्यांचं सूप.
ती काही बोलली नाही.
बोलली असती तर भांडून सुटलो असतो.

मग मी कॅरम सोडला.
श्रद्धेनं नाही, रागानं.
घरात असा बसायचो
जसा बँकेनं जप्त केलेला माग.
पोरीवर खेकसायचो, भाकरी कडक म्हणून चिडायचो
(सोलापुरात!)
बारा दिवस.
तेराव्या दिवशी स्वतःचं तेरावं उरकून
परत शेडमध्ये.

नंतर कधीतरी, एका रविवारी
वाया गेलेला एक पुठ्ठा उचलला.
पेन्सिलीनं सात ओळी.
पाणी, किराणा, मालकाचा हिशेब, पोरीचं गणित,
सगळं बारीक अक्षरात, कोरं;
आणि मंगळवारी, शुक्रवारी
साडेसात ते नऊ,
पंच ठेवून हातोडी मारली.
खिडकीच्या गजाला टांगला.
सकाळी फरशीवर उन्हाचे दोन ठिपके.

सोपं नव्हतं. पहिल्या शुक्रवारी साडेदहा वाजले.
दुसऱ्या मंगळवारी पावणेदहा.
पाचव्या आठवड्यात राणी पॉकेटच्या तोंडाशी,
कव्हरची सोंगटी सरळ रेषेत, माझाच हात,
आणि नऊ.
'बस की रे, एका टिचकीचं काम,' अंबादास म्हणाला.
स्ट्रायकर त्याच्या हातात दिला.
घरापर्यंत बोट आपोआप उडत होतं हवेत.
त्या रात्री गणिताची उदाहरणं सोडवताना
राणी डोक्यात होती, खरं सांगतो,
पण जागच्या जागी.

मला वाटलं, जमलं. डिझाईन बसली.
मी तर दासरीला उपदेशही करून आलो.

एका सकाळी रेणुका पानं भिजवता भिजवता
त्या दोन ठिपक्यांकडे बघत राहिली.
'ह्यात माझा वार कुठला ओ?'
मी पुठ्ठा वरून खाली वाचला.
पाणी होतं. किराणा होता.
हजार विड्या होत्या, रोजच्या,
त्या मी लिहिल्याच नव्हत्या.

माझ्या उत्तराची वाट न बघता
तिनं पानं कापायची कात्री घेतली,
टोक शनिवारावर ठेवलं आणि दाबलं.

'कुठं जाणार?'
'सांगून जायचं असतं होय?'

शनिवारी ती गेली. मला वाटतं, कंबर तलावाकडं,
शेजारच्या भाग्यम्माबरोबर. विचारलं नाही.
मी सूप ओढलं, पत्री ठेवून पानं कापायला बसलो.
चाळीसातली अकरा धड निघाली.
अनुषा हसून लोळली.
नऊ वाजले. नऊ दहा.
मी दारात, बरोबर तिथंच उभा
जिथं ती उभी राहायची.

आली तेव्हा केसांना वारा लागलेला,
ओठाच्या कडेला चिंचेची चटणी.
घड्याळाकडं बघून स्वतःच म्हणाली,
'पुढच्या वेळी दहा मिनिटं आधी निघते.'
मग सुपात डोकावली:
'हे काय कापलंय?'

खिडकीत पुठ्ठा आहे अजून, कडा कुरतडलेला.
पंचाची भोकं गोल असतात.
तिसरा ठिपका फाटका, लांबुळका,
आणि सकाळी सरकत सरकत
सगळ्यात आधी तोच
माझ्या पायावर येतो.